स्कॅन हिरवा आला म्हणजे फाइल वाचली असं नाही: भाषा ओळखण्यातले घोळ कसे शोधायचे

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसातला मुलगा विचारतोय. यंत्रमागाचं सगळं सॉफ्टवेअर एकाच रेपोत (गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात) आहे: मागावर बसवलेल्या बोर्डाचा सी प्लस प्लस कोड, जो पिक (आडवा धागा एकदा पडला की एक पिक) मोजून सर्व्हरला पाठवतो, टॉवेलच्या ऑर्डरी आणि हिशोबाचं पीएचपी, अधेमधे शेल स्क्रिप्ट, आणि जुनं बिलिंग व्हीबी सिक्सचं ते पण तिथंच पडलंय. कोड तपासणारं सोनारक्यूब लावलं तर "लँग्वेज ऑफ फाइल कॅन नॉट बी डिसायडेड" म्हणून अडलं, त्या फाइली एक्सक्लूजनमध्ये (वगळायच्या यादीत) टाकल्या तर सगळं हिरवं झालं, बग जवळपास शून्य. गिटहब म्हणतं रेपोची भाषा एचटीएमएल. कोडक्यूएल या गिटहबच्या तपासणी टूलला पीएचपी दिसतच नाही. आणि मालक म्हणतात हिरवं आलंय ना, मग रिपोर्ट दे की गिऱ्हाईकाला.

देऊ नकोस अजून. तुझा कोड वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो मी बघितलेलाच नाही. पण तू जे सांगितलंस त्यावरून टूलनं पण तो बघितलेला नाही, निदान बराचसा नाही, आणि न बघितलेल्या कोडचा रिपोर्ट गिऱ्हाईकाला देणं बरोबर नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घे, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. स्टॅटिक अॅनालिसिसचं कुठलंही टूल घे (म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून तपासणारं), फाइलीचं तीन टप्प्यांत होतं. फाइल टूलपर्यंत पोचली का, पोचली तर कुठल्या भाषेची म्हणून धरली, आणि त्या भाषेच्या पार्सरला (कोडची रचना वाचणाऱ्या भागाला) ती नीट वाचता आली का. तिन्ही ठिकाणी गळती होऊ शकते आणि तिन्ही ठिकाणी बहुतेक टूलं गप्प बसतात. लाल एरर आली तर माणूस धावतो, पण फाइल गुपचूप वगळली गेली तर आकडा शून्य येतो आणि शून्य बघून सगळे खूश होतात. म्हणून माझ्याकडं कुणीही असला प्रश्न घेऊन आलं की मी किती बग निघाले हे विचारतच नाही, पहिल्यांदा विचारतो की कुठली फाइल कुठल्या भाषेची म्हणून वाचली त्याची यादी दाखव. ती यादी नसेल तर तो रिपोर्ट मी उघडत पण नाही.

टूल भाषा ओळखतं कसं? बरीचशी टूलं फाइलच्या शेवटचं एक्सटेन्शन बघतात आणि विषय संपवतात. आता आपल्या सोलापुरात दारावरची पाटी वाचून घरात काय बोलतात ते सांगता येतं का? पाटी मराठीत, घरात तेलुगू, आणि दुकानावर बसलेला माणूस समोरच्याशी कन्नडमध्ये भाव करतोय. एक्सटेन्शन म्हणजे ती पाटी आहे. डॉट एच सी चं असतं, सी प्लस प्लसचं असतं, ऑब्जेक्टिव्ह-सी चं पण असतं. डॉट एम ऑब्जेक्टिव्ह-सी किंवा मॅटलॅब. डॉट पीएल पर्ल किंवा प्रोलॉग. डॉट टीएस म्हणजे टाइपस्क्रिप्ट म्हणावं तर क्यूटीच्या भाषांतराच्या एक्सएमएल फाइलींचं पण तेच एक्सटेन्शन. तुझ्याकडं यातलं डॉट एच आहे आणि डॉट आयएनसी आहे, आणि मला वाटतं सगळा घोळ या दोघांनीच घातलाय.

सोनारक्यूबच्या एररपासून धरू. ती एरर आली हे खरं तर चांगलंच झालं, कारण सगळ्या प्रकारात तेवढीच प्रामाणिकपणे ओरडली. पूर्ण मेसेज नीट वाच, त्यात तो सांगतो की अमुक फाइल या भाषेच्या पॅटर्नमध्ये पण बसते आणि त्या भाषेच्या पॅटर्नमध्ये पण बसते, दोन्ही पॅटर्न तिथंच लिहिलेले असतात. म्हणजे दोन प्लगिनं (एकेका भाषेसाठी टूलला जोडायचे भाग) एकाच एक्सटेन्शनवर हक्क सांगतायत. सोनारक्यूबच्या फुकटच्या आवृत्तीत सी आणि सी प्लस प्लस नाही, ते पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे, म्हणून छोट्या ऑफिसांत लोक बाहेरचं कम्युनिटी प्लगिन टाकतात, मग कधीतरी पेड आवृत्तीची ट्रायल घेतात, जुनं प्लगिन काढायचं राहतं, आणि डॉट एच, डॉट सीपीपी वर दोघं भांडतात. तुझ्याकडं हेच असणार, अॅडमिनमध्ये जाऊन प्लगिनची यादी बघ.

यावरचा उपाय फाइल एक्सक्लूड करणं हा नाही. ते केलंस की टूल त्या फाइलीकडं बघायचंच सोडून देतं, आणि तू वगळलेल्या म्हणजे बोर्डाच्या हेडर (डॉट एच) फाइली, ज्यात पिकच्या काउंटरची साइझ आणि बफरची लांबी ठरते, नेमक्या त्याच. उपाय असा की एक एक्सटेन्शन एकाच भाषेला द्यायचं. प्रत्येक भाषेची फाइल सफिक्सेस नावाची सेटिंग असते, सोनार डॉट सी डॉट फाइल डॉट सफिक्सेस, तशीच सी पी पी ची, तशीच पीएचपीची. ज्या भाषेला डॉट एच नको तिच्या यादीतून तो काढून टाक. आणि एकच एक्सटेन्शन वेगवेगळ्या फोल्डरात वेगवेगळ्या भाषेचं असेल, तर सोनार डॉट लँग डॉट पॅटर्न्स डॉट आणि पुढं भाषेची की, अशी सेटिंग आहे, तिथं पाथसकट पॅटर्न देता येतो. एररमध्ये जे नाव छापून येतं तीच ही सेटिंग. तुझ्या डॉट आयएनसी साठी हीच लागणार आहे, का ते पुढं सांगतो.

त्याआधी स्कॅनरचा लॉग उघड, वेबचं पान नाही, कमांड चालवताना जो टर्मिनलवर पळतो तो. त्यात तीन-चार ओळी शोध. एक असते इतक्या फाइलींमध्ये इतक्या भाषा सापडल्या अशी. एक असते इनक्लूजन-एक्सक्लूजन पॅटर्नमुळं इतक्या फाइली सोडल्या. एक असते एससीएम इग्नोर सेटिंगमुळं इतक्या सोडल्या, म्हणजे तुझ्या डॉट गिटइग्नोरमध्ये ज्या आहेत त्या. आणि प्रत्येक भाषेसाठी क्वालिटी प्रोफाइल (नियमांचा संच) कुठलं लावलं ती ओळ. प्रोफाइलच्या ओळींत सी प्लस प्लस नसेल तर विषय तिथंच संपला, सी प्लस प्लसचा एकही नियम चाललेला नाही, मग वर काहीही हिरवं असो. दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या केसेस मी तेवढ्यावरच सोडवलेल्या आहेत.

आता डॉट आयएनसी. तुझ्या वर्णनावरून पीएचपीच्या फोल्डरात पण डॉट आयएनसी आहेत, कनेक्शन आणि कॉमन फंक्शनच्या, आणि बोर्डाच्या फोल्डरात पण डॉट आयएनसी आहेत, त्या असेंब्लीच्या असणार, रजिस्टरांच्या व्याख्या वगैरे. सोनारक्यूबच्या पीएचपीच्या डिफॉल्ट यादीत डॉट पीएचपी, डॉट पीएचटीएमएल यांच्याबरोबर डॉट आयएनसी पण आहे. मग काय होतं बघ, बोर्डाची असेंब्लीची फाइल पीएचपी म्हणून उचलली जाते. पीएचपीचा पार्सर काय करतो, तर सुरुवातीचा पीएचपी टॅग शोधतो, त्या टॅगच्या बाहेरचं सगळं त्याच्या लेखी नुसतं पानावर छापायचं एचटीएमएल. असेंब्लीच्या फाइलीत टॅग असणारच नाही, म्हणजे अख्खी फाइल त्याला छापायचा मजकूर वाटते. पार्स एरर येत नाही, कारण मजकूर कसाही असला तरी पीएचपीला चालतो. बग येत नाही, कारण तपासायला कोडच नाही. फाइल पोचली, भाषा ठरली, पार्स झाली, तिन्ही टप्पे कागदावर पास, आणि प्रत्यक्षात एक अक्षर तपासलं गेलं नाही! मला सगळ्यात जास्त भीती याच प्रकाराची वाटते, कारण लॉगमध्ये पण इथं काही खटकत नाही. म्हणून म्हटलं पीएचपीचा पॅटर्न पाथसकट दे: सगळ्या डॉट पीएचपी, आणि डॉट आयएनसी फक्त वेबच्या फोल्डरातल्या.

आणि हे सोनारक्यूबला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं असं होत नाही, हे पोरांच्या फार उशिरा लक्षात येतं. पीएचपीस्टॅन हे पीएचपीचं तपासणी टूल डिफॉल्टला फक्त डॉट पीएचपी बघतं, तिथं फाइल एक्सटेन्शन्सच्या यादीत आयएनसी वेगळं टाकावं लागतं, म्हणजे सोनार जे जास्तीचं उचलत होतं ते हा उचलतच नव्हता. गिटहबचं तर तिसरंच. प्रत्येक टूल स्वतःच्या डोक्यानं ठरवतं.

सी प्लस प्लसच्या हेडरचं वेगळं लिहितो, कारण इथं उलटा त्रास होतो, शांतता नाही तर एररचा पाऊस. क्लँग-टायडी (क्लँग कंपायलरवर चालणारं तपासणी टूल) थेट डॉट एच फाइलीवर सोडलंस की पहिल्याच नेमस्पेस लिहिलेल्या ओळीवर तो म्हणतो "अननोन टाइप नेम नेमस्पेस", मग क्लास कळत नाही, मग स्ट्रिंगची हेडर सापडत नाही, आणि पोरगं बिचारं इनक्लूड पाथ दुरुस्त करत बसतं. इनक्लूड पाथचा काही संबंध नाही. दुसरं काही सांगितलं नसेल तर क्लँग डॉट एच म्हणजे सी ची हेडर असंच धरतं, आणि सी मध्ये नेमस्पेस नावाची चीज नाही. एरर कुठल्या शब्दावर आली ते बघ, नेमस्पेस, क्लास, टेम्प्लेट यातल्या एखाद्यावर आली असेल तर भाषा चुकली आहे, दुसरं काही शोधू नकोस. मायनस एक्स सी प्लस प्लस असं सांगितलं की वाचतं, पण त्याहून चांगली पद्धत म्हणजे हेडरवर थेट चालवायचंच नाही. कंपाईल-कमांड्सची जेसन फाइल (कुठली फाइल कशी कंपाईल होते त्याची यादी) बनव, सीमेक असेल तर एक ऑप्शन चालू केला की ती बनते, डॉट सीपीपी वर चालव आणि हेडर-फिल्टर लाव, म्हणजे हेडर ज्या फाइलीतून इनक्लूड होते तिच्याबरोबर, तिच्याच भाषेत, तिच्याच डिफाइन्ससकट तपासली जाते. हेडरला स्वतःची अशी भाषा नसतेच, जो इनक्लूड करतो त्याची ती भाषा.

सीपीपीचेक या सी, सी प्लस प्लसच्या दुसऱ्या टूलचं असं की फोल्डर दिलं तर तो डॉट सी, डॉट सीपीपी वगैरे उचलतो, डॉट एच स्वतंत्र उचलत नाही, इनक्लूडमधून पोचतो तेवढंच. भाषा जबरदस्तीनं ठरवायला डबल डॅश लँग्वेज ऑप्शन आहे. तुमच्या बोर्डावर आर्डुइनोची डॉट आयएनओ फाइल असेल तर फाइलचं नाव थेट दे आणि भाषा सी प्लस प्लस सांग, पण एक लक्षात ठेव, आर्डुइनोचं सॉफ्टवेअर कंपाईल करायच्या आधी आर्डुइनो डॉट एच स्वतः जोडतं आणि फंक्शनचे प्रोटोटाइप पण स्वतःच घालतं, त्यामुळं जशीच्या तशी फाइल कुठल्याही सी प्लस प्लसच्या टूलला अर्धवट वाटते. मी तरी सल्ला देईन की डॉट आयएनओ मध्ये सेटअप आणि लूप एवढंच ठेव, बाकीचं डॉट सीपीपी मध्ये हलव. तपासणी सोपी होते आणि पिक मोजायचं लॉजिक बोर्डाशिवाय लॅपटॉपवर टेस्ट पण करता येतं.

आणि तुमच्या स्वतःच्या सी प्लस प्लस हेडर डॉट एचपीपी करून टाका, सरळ. लोक म्हणतात कशाला नावं बदलायची, टूलला सेटिंग देऊ की. पण टूलं पाच, सेटिंग पाच ठिकाणी, आणि नवीन माणूस आला की सहावं टूल येतं. नाव एकदाच बदलायचंय. फक्त चिपच्या कंपनीकडून आलेल्या एसडीकेच्या (त्यांच्या तयार कोडच्या) फाइलींना हात लावू नका, त्या आहेत तशाच राहू देत.

शेल स्क्रिप्टचं बघ आता. तू लिहिलंयस की बॅकअपची स्क्रिप्ट शेलचेकमध्ये (शेल स्क्रिप्ट तपासणाऱ्या टूलमध्ये) येत नाही, तिला एक्सटेन्शन नाही पण पहिल्या ओळीत शेबँग (हॅश-उद्गारचिन्हानं सुरू होऊन कुठला शेल ते सांगणारी ओळ) आहे, आणि तुम्ही ते प्री-कमिटमधून (कमिटच्या आधी तपासण्या चालवणाऱ्या टूलमधून) चालवता. इथं दोन शक्यता आहेत. पहिली, फाइलीला एक्झिक्युटेबल परवानगी नाही. प्री-कमिट फाइल कुठल्या प्रकारची ते आयडेंटिफाय नावाच्या लायब्ररीकडून ठरवून घेतं, आणि ती लायब्ररी एक्सटेन्शन नसलेल्या फाइलीची शेबँग तेव्हाच वाचते जेव्हा फाइल एक्झिक्युटेबल असते, नसेल तर ती तिच्या दृष्टीनं साधा मजकूर. विंडोजच्या लॅपटॉपवर ही परवानगी लिनक्ससारखी नसतेच, म्हणून तुझ्याकडं एक आणि सर्व्हरवर दुसरंच असं होतं. आयडेंटिफाय-सीएलआय नावाची कमांड आहे, तिला फाइल दे, ती टॅग छापते, त्यात बॅश किंवा शेल दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर गिट अपडेट-इंडेक्स ला चमोड प्लस एक्स देऊन परवानगी गिटमध्येच नोंदव, नुसतं विंडोजवर काही करून ती कमिटमध्ये जात नाही.

दुसरी शक्यता जास्त छळते, कारण डोळ्याला दिसत नाही. फाइलच्या सुरुवातीचे तीन बाइट बघ. हेड मायनस सी तीन, आणि ते एक्सएक्सडी कमांडला पाइप कर. दोन-तीन, दोन-एक असं दिसलं तर ते हॅश आणि उद्गारचिन्ह, म्हणजे शेबँग जागेवर आहे. पण ईएफ, बीबी, बीएफ असं दिसलं तर तो बीओएम आहे, यूटीएफ-८ ची खूण, आणि तिच्यामुळं शेबँग पहिल्या बाइटवर राहिलीच नाही. एडिटरमध्ये फाइल तंतोतंत बरोबर दिसते. हे कुठून येतं? जुन्या नोटपॅडमधून. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपर्यंत नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडलं की बीओएम लागायचाच, आणि आपल्याकडं स्क्रिप्टमध्ये "बॅकअप पूर्ण झाला" असा मराठी मेसेज टाकायचा म्हटलं की माणूस नोटपॅड उघडतो, यूटीएफ-८ निवडतो, आणि झालं. लिनक्सला ती शेबँग ओळखू येत नाही, स्क्रिप्ट पहिल्या ओळीवर "नो सच फाइल" म्हणून पुढं कशीबशी चालते म्हणून कुणाला कळत पण नाही, आणि भाषा ओळखणारी टूलं मात्र ती सोडून देतात. शेलचेकला थेट फाइल दिलीस तर तो बीओएमची तक्रार करतो, एससी १०८२. आणि शेबँगच नसेल तर एससी २१४८ म्हणतो की कुठला शेल ते कळत नाही. तिथं एकतर शेबँग घाल, किंवा ती फाइल दुसऱ्या स्क्रिप्टमधून सोर्स होणारी असेल तर वर कॉमेंटमध्ये शेलचेक शेल बरोबर बॅश असं लिही.

एन्कोडिंगवर आलोच आहे तर तुमच्या जुन्या बिलिंगबद्दल पण सांगतो. त्या काळच्या सॉफ्टवेअरांत मराठी युनिकोडमध्ये नसायचं, फाँटमध्ये असायचं, म्हणजे फाइलीत विचित्र बाइट आणि स्क्रीनवर फाँट लावला की मराठी. असल्या स्ट्रिंग डॉट पीएचपी किंवा डॉट एफआरएम (व्हीबी सिक्सच्या फॉर्मची फाइल) मध्ये असतील तर ती फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचताच येत नाही, सोनारक्यूब लॉगमध्ये इनव्हॅलिड कॅरेक्टरची वॉर्निंग देतं आणि सोर्स एन्कोडिंग नीट द्या म्हणतं. ती वॉर्निंग लोक स्क्रोल करून सोडून देतात. सोडू नकोस. आणि नोटपॅडमध्ये नुसतं "युनिकोड" म्हणून सेव्ह केलेली फाइल असेल तर ती यूटीएफ-१६ असते, इंग्रजी अक्षरांच्या मधे मधे शून्य बाइट येतात, आणि गिट पहिल्या ८००० बाइटांत शून्य बाइट दिसला की फाइल बायनरी धरतं. गिट डिफमध्ये "बायनरी फाइल्स डिफर" आलं आणि ती फाइल तर कोडची आहे, तर हेच. यूटीएफ-८ मध्ये बदलून बीओएमशिवाय सेव्ह कर.

गिटहबच्या रंगीत पट्टीची काळजी कमी कर, पण ती का तशी येते ते समजून घे. ती पट्टी लिंग्विस्ट नावाची रुबीची लायब्ररी काढते, ओपन सोर्स आहे. तिची पद्धत बाकीच्यांपेक्षा बरी आहे: आधी फाइलीत व्हिम किंवा इमॅक्सची भाषा सांगणारी ओळ आहे का बघते, मग फाइलचं नाव, मग शेबँग, मग एक्सटेन्शन, त्यातून पण एकापेक्षा जास्त भाषा उरल्या तर आतला मजकूर बघून ठोकताळे लावते आणि अगदी शेवटी नमुन्यांवरून शिकलेला क्लासिफायर. डॉट एच मध्ये क्लास, टेम्प्लेट, एसटीडी असं काही दिसलं तर सी प्लस प्लस, नाहीतर सी. म्हणून नुसत्या स्ट्रक्ट आणि डिफाइन असलेल्या तुमच्या हेडर सी मध्ये मोजल्या जातात. टक्के मात्र बाइटवर निघतात, ओळींवर किंवा फाइलींवर नाही, आणि मोजल्या जातात फक्त प्रोग्रॅमिंग आणि मार्कअप प्रकारच्या भाषा. एचटीएमएल मार्कअप आहे म्हणून मोजलं जातं, साधं एसक्यूएल डेटा प्रकारात आहे म्हणून मोजलंच जात नाही. तुझ्याकडं रिपोर्टांचे जुने नमुने एचटीएमएलमध्ये सेव्ह करून ठेवलेत असं तू म्हणालास, तेच बाइट खातायत. रेपोच्या मुळाशी डॉट गिटअॅट्रिब्यूट्स फाइल कर, त्या फोल्डरला लिंग्विस्ट-व्हेंडर्ड किंवा लिंग्विस्ट-जनरेटेड लाव, बोर्डाच्या डॉट एच ना लिंग्विस्ट-लँग्वेज बरोबर सी प्लस प्लस लाव. आणि कमिट कर, कारण लिंग्विस्ट कमिट झालेलंच बघतं, नुसती फाइल सेव्ह करून "बदलत नाही की" म्हणणारे मी बरेच बघितलेत. लोकल बघायचं तर गिटहब-लिंग्विस्ट कमांडला ब्रेकडाउन ऑप्शन देऊन चालव, कुठली फाइल कुठल्या भाषेत गेली ती अख्खी यादी येते. पण परत सांगतो, डॉट गिटअॅट्रिब्यूट्समध्ये लिंग्विस्टला जे सांगितलं ते सोनारक्यूबला, सीपीपीचेकला, क्लँगला काही कळत नाही, ते ही फाइल बघत नाहीत.

कोडक्यूएलला पीएचपी दिसत नाही याचं उत्तर एका ओळीचं आहे: कोडक्यूएल पीएचपीला सपोर्ट करत नाही. ओळखण्यात काही चुकलेलं नाही, सेटिंगमध्ये शोधत बसू नकोस. ते डिफॉल्ट सेटअपमध्ये रेपोत कुठल्या भाषा आहेत ते गिटहबला विचारतं आणि त्यातल्या आपल्याला येतात तेवढ्या घेतं, म्हणून तुझ्याकडं जावास्क्रिप्ट आणि सी प्लस प्लस दिसतंय आणि पीएचपीबद्दल एक शब्द नाही. पीएचपीसाठी पीएचपीस्टॅन आणि सेमग्रेप (बऱ्याच भाषा वाचणारं तपासणी टूल) लाव. आणि सी प्लस प्लस दिसतंय म्हणजे ते तपासलं असं पण समजू नकोस. बिल्डची कमांड तू स्वतः दिली असशील तर कोडक्यूएल कंपायलरवर नजर ठेवून बसतं, जी फाइल कंपाईल होताना दिसेल तीच त्याच्या डेटाबेसमध्ये. मेकनं (बिल्ड करणाऱ्या कमांडनं) सांगितलं सगळं अप टू डेट आहे, किंवा कॅशमधून ऑब्जेक्ट फाइल उचलली, तर कंपायलर चाललाच नाही आणि कोडक्यूएलनं काही बघितलंच नाही. आधी मेक क्लीन.

सेमग्रेप लावशील तेव्हा व्हर्बोज (सगळं सविस्तर छापायचा ऑप्शन) देऊन चालव, शेवटी कुठल्या फाइली सोडल्या आणि का ते लिहिलेलं असतं. डॉट गिटइग्नोरमधल्या सोडतो, डिफॉल्टला साधारण १० लाख बाइटांपेक्षा मोठी फाइल सोडतो, आणि ज्या अर्धवटच पार्स झाल्या त्यांची वेगळी नोंद देतो. ती तिसऱ्या टप्प्याची गळती, फाइल घेतली, भाषा बरोबर, पण मधला तुकडा वाचता आला नाही.

आता हे सगळं बरोबर बसलं का ते तपासायचं कसं, यावर माझा भर सगळ्यात जास्त आहे. लॉगवर पण पूर्ण विश्वास ठेवू नको, डॉट आयएनसी च्या प्रकारात लॉग स्वच्छच येतो. एक वेगळी ब्रँच कर आणि प्रत्येक प्रकारच्या एका फाइलीत मुद्दाम एक ठरलेली चूक पेर. पीएचपीमध्ये व्हेरिएबल स्वतःलाच असाइन कर, डॉलर ए बरोबर डॉलर ए. सी प्लस प्लसमध्ये दोन घरांचा अॅरे घे आणि पाचव्या घरात लिही. शेलमध्ये व्हेरिएबल कोटशिवाय वापर. डॉट पीएचपी मध्ये एक, वेबच्या डॉट आयएनसी मध्ये एक, डॉट सीपीपी मध्ये, डॉट एचपीपी मध्ये, एक्सटेन्शन नसलेल्या स्क्रिप्टमध्ये, प्रत्येकात वेगळी. मग सगळी टूलं चालव. जिथली चूक सापडली ती जागा खरंच तपासली जातेय, जिथली सापडली नाही तिथं वरचे तीन टप्पे एकेक करून बघ. ही ब्रँच मर्ज करायची नाही, पण पुसायची पण नाही, टूलची आवृत्ती बदलली, प्लगिन बदललं की परत तिच्यावर चालवायचं. तुझ्या मालकांना पण हे दाखव, पेरलेली चूक हिरव्या रिपोर्टमध्ये दिसत नाही हे डोळ्यांनी बघितलं की ते स्वतःच म्हणतील थांब जरा.

सोबत एक छोटी स्क्रिप्ट सीआयमध्ये (प्रत्येक बदलाला आपोआप बिल्ड आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेत) टाक. गिट एलएस-फाइल्स मधून एक्सटेन्शननुसार मोजणी काढ, सॉर्ट आणि युनिक मायनस सी पुरे, आणि कुठलं एक्सटेन्शन कुठलं टूल बघतं याची यादी रेपोत ठेव. यादीत नसलेलं एक्सटेन्शन आलं की बिल्ड फेल. उद्या कुणीतरी पायथॉनची एक फाइल टाकेल, तिला कुठलंच टूल लावलेलं नसेल, आणि ते वर्षभर कुणाला कळणार नाही, ते याच्यानं टळतं. सीएलओसी (भाषेनुसार कोडच्या ओळी मोजणारं टूल) पण चालव, त्याला इग्नोर्ड ऑप्शनमध्ये फाइलचं नाव दिलं की वगळलेल्या सगळ्या फाइली कारणासकट तिथं लिहून देतो, पडताळायला फार उपयोगी.

कुणी सुचवेल की मजकूर बघून भाषा ओळखणारं एआयचं टूल लाव, गुगलनं मॅजिका २०२४ मध्ये ओपन सोर्स केलंय, साध्या सीपीयूवर पण भराभर चालतं. चांगलं आहे, मी वापरतो, पण पडताळणीसाठी. अख्ख्या रेपोवर एकदा फिरव आणि जिथं एक्सटेन्शन एक म्हणतंय आणि मॅजिका दुसरं म्हणतंय तेवढ्या फाइली हातानं उघडून बघ, तुमच्या असेंब्लीच्या डॉट आयएनसी अशाच वर येतील. पण सीआयमध्ये निर्णय त्याच्यावर सोडू नको. दहा ओळींच्या हेडरमध्ये नुसते डिफाइन असतील तर माणसाला पण सांगता येणार नाही ती सी ची आहे का सी प्लस प्लसची. रेपो तुमचा आहे, कुठली फाइल कशाची ते तुम्हाला माहीत आहे, ते लिहून ठेवा की, अंदाज कशाला बांधायला लावायचा?

राहिलं व्हीबी सिक्स. डॉट सीएलएस हे व्हीबी सिक्सच्या क्लासचं एक्सटेन्शन, तेच सेल्सफोर्सच्या एपेक्सचं, तेच लॅटेकचं पण, म्हणून कुठं काय दाखवेल त्याचा भरवसा नाही. पहिली ओळ "व्हर्जन १.० क्लास" असेल तर ती एपेक्स किंवा लॅटेकची नाही, व्हीबी घराण्यातली आहे. सोनारक्यूबमध्ये व्हीबी सिक्सचा अॅनालायझर आहे पण वरच्या महागड्या आवृत्तीत, फुकटच्या आवृत्तीत जे व्हीबी आहे ते व्हीबी डॉट नेट, डॉट व्हीबी वालं, त्याचा आणि याचा संबंध नाही, आणि सफिक्सच्या यादीत डॉट सीएलएस घुसडून ते व्हीबी डॉट नेट म्हणून वाचायला लावू नका, नुसता एररांचा ढीग येईल. बिलिंगसाठी तेवढी महाग आवृत्ती घ्या असं मी म्हणणार नाही. ते फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाक, इथं एक्सक्लूजन योग्य आहे, आणि गिऱ्हाईकाच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिही की जुनं बिलिंग मॉड्यूल या तपासणीत नाही, त्याची तपासणी माणसानं वाचून केली आहे किंवा केलेली नाही, जे खरं असेल ते.

इथं शिकलेली बरीच मुलं पुण्याला जातात आणि जी सोलापुरातच राहून काम करतात त्यांना शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं, म्हणून एवढं लांबण लावलं. सोनारचा पूर्ण लॉग, प्लगिनची यादी, आणि बोर्डाच्या फोल्डरातल्या एखाद्या डॉट आयएनसी च्या पहिल्या वीस ओळी टाक. पासवर्ड आणि सर्व्हरचं नाव काढून टाक आधी, कनेक्शनच्या फाइलीतलं तर नक्कीच. पेरलेल्या चुकांपैकी कुठली सापडली नाही ते पण लिही, तिथूनच पुढं बघू.